बर्लिन मॅरेथॉनचं गॅरंटीड एंट्रीचं पॅकेज, बेळगावातून घेतलं त्याचा अनुभव

दोन वर्षं लॉटरीत नंबर लागला नाही म्हणून शेवटी पॅकेज घेतलं, २१ सप्टेंबर २०२५ ला बर्लिन पळून आले, आणि तेव्हापासून बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोत सकाळी पळायला भेटणारं प्रत्येक जण एकच विचारतंय, एजन्सीकडून घेतलेलं बरं पडतं काय गं, पैसे वाया जात नाहीत न्हवं? प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. एजन्सी पुण्याची आहे, नाव लिहीत नाही कारण हॉटेलचा विषय अजून मिटलेला नाही आणि तो मिटायच्या आधी कुणाचं नाव घेणं मला बरोबर वाटत नाही. माझी शहापुरात साड्यांची दुकानदारी आहे, वय ४६, पळायला लागून सात वर्षं झाली, म्हणजे मी काही एलिट रनर नाही, साध्या माणसाला हे कसं जमतं तेवढंच सांगतेय.

आधी पॅकेज का घ्यावं लागतं ते बघू, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की फॉर्म भरला, फी भरली की झालं. तसं नाही. बर्लिनचं असं आहे की सप्टेंबरातली रेस संपली की पुढच्या वर्षाच्या लॉटरीचा फॉर्म उघडतो, काही आठवडे उघडा असतो, आणि नंबर लागला की नाही ते नोव्हेंबरअखेर-डिसेंबरच्या सुमाराला मेलवर कळतं. फॉर्म भरतानाच कार्डचे डिटेल्स द्यायचे, नंबर लागला तरच फी कापतात. दोघंतिघं मिळून टीम म्हणूनही भरता येतं, मग लागला तर सगळ्यांचा लागतो नाहीतर कुणाचाच नाही. मी एकदा एकटीने भरला आणि एकदा डेपोतल्या दोन मैत्रिणींबरोबर टीम करून, दोन्ही वेळेला सॉरीचा मेल. लंडन मॅरेथॉनचा तर विचारच करू नका असं मी म्हणेन, २०२५ च्या रेससाठी ८ लाख ४० हजारांच्या वर अर्ज आले होते आणि पळून पूर्ण करणारे ५६ हजारांच्या आसपास, २०२६ साठी तर अर्ज ११ लाखांच्या पुढे गेले. बॉस्टनला लॉटरीच नाही, टायमिंग लागतं, माझ्या वयाच्या बायकांना २०२६ साठी ३ तास ४५ मिनिटं, आणि तेवढ्यात बसलात तरी जागा मिळेलच असं नाही. २०२५ ला तर ठरलेल्या टायमिंगपेक्षा ६ मिनिटं ५१ सेकंद अजून फास्ट असणाऱ्यांनाच घेतलं. माझं बेस्ट टायमिंग ४ तास ५१ मिनिटं, मुंबईतलं. त्यामुळे तो रस्ता माझ्यासाठी बंदच.

राहिले दोन मार्ग, चॅरिटी आणि टूर पॅकेज. चॅरिटीत त्या संस्थेसाठी ठरावीक रक्कम गोळा करून द्यायची असते, ती पौंडात किंवा युरोत, आणि शहापुरात बसून मी तेवढी कुणाकडून गोळा करणार? पॅकेजचं असं की मॅरेथॉनवाले वेगवेगळ्या देशांतल्या ठरावीक ट्रॅव्हल कंपन्यांना बिबचा, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरचा, कोटा देतात, त्या कंपन्या ते हॉटेलबरोबर विकतात. नुसती एंट्री सुटी देत नाहीत. मला हॉटेल नको, माझी चुलत बहीण तिथं आहे, असं म्हटलं तरी चालत नाही, हॉटेल घ्यावंच लागतं.

मी फोन केला तो २०२४ च्या डिसेंबरात, सॉरीचा मेल आल्यावर तिसऱ्या दिवशी. तीन रात्री, ट्विन शेअरिंग, नाश्ता, एंट्री आणि रेसच्या आदल्या दिवशी सगळ्यांबरोबर छोटा रन, असं मिळून पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, विमान आणि व्हिसा वेगळा. त्यावर तेव्हा ५ टक्के जीएसटी आणि वर ५ टक्के टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच कापून घेतात तो इन्कम टॅक्स. हे टीसीएस कोटेशनमध्ये अगदी खाली बारीक अक्षरात होतं. मला कळलं कारण दुकानाचा हिशेब मीच बघते, पण नोकरी करणाऱ्या माणसाला एकदम आठ-नऊ हजार वाढले की धक्का बसेल, तर आधीच विचारून घ्या. ते पैसे बुडत नाहीत, इन्कम टॅक्सच्या २६एएस स्टेटमेंटमध्ये दिसतात आणि रिटर्न भरताना टॅक्समध्ये वळते होतात किंवा रिफंड येतो. मला आला. तीन हप्त्यांत पैसे भरायची सोय दिली ती मात्र खरंच चांगली, जानेवारीत लग्नसराईचा माल भरायचा असतो तेव्हा एकरकमी निघाले नसते.

आता मुख्य गोष्ट. एंट्रीचा फॉर्म एजन्सीने माझ्या वतीने भरला आणि नावाचा घोळ केला. माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये माझं नाव आणि पुढे मिस्टरांचं नाव आहे आणि सरनेम वेगळं, आपल्या मराठी माणसांचं असतं तसं. त्यांनी मिस्टरांचं नाव सरनेम म्हणून टाकलं आणि आडनाव गाळूनच टाकलं. कन्फर्मेशनचा मेल फेब्रुवारीत आला तेव्हा मी आनंदात नुसता नंबर बघितला, सासूबाईंना दाखवला, पेढे आणले, आणि नाव बघितलं ते चार दिवसांनी रात्री दुकान बंद करताना. बिब दुसऱ्याच्या नावावर चालत नाही, घ्यायला जाताना फोटो आयडी दाखवावा लागतो, हे मला माहीत होतं, त्यामुळे त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशीपासून फोन सुरू केले. पहिल्या दोघांनी "काय होत नाही मॅडम, चालतं" म्हणून सांगितलं. तिसऱ्या वेळेला एक मुलगी भेटली, आवाजावरून पंचविशीची असेल, तिने पासपोर्टच्या पानाचा फोटो मागितला आणि म्हणाली, "काकू, हे चालणार नाही, मी बदलून घेते, पण वेळ लागेल." तीन आठवडे लागले. दर सोमवारी ती स्वतःहून मेसेज करायची, अजून झालं नाही पण मागे लागलेय म्हणून. शेवटी दुरुस्त नावाचा मेल आला. या पोरीमुळेच मी एजन्सीला पाचपैकी साडेतीन स्टार देतेय, नाहीतर दोन दिले असते. पॅकेज घेणाऱ्यांनी एवढं करा, फॉर्म भरायच्या आधी पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं नाव मेलवर लिहून पाठवा, आणि फॉर्म भरल्यावर त्याचा स्क्रीनशॉट मागा, फोनवरच्या "झालं मॅडम" वर थांबू नका.

व्हिसाचं काम एजन्सी करत नाही, फक्त लेटर देते, ते व्यवस्थित दिलं. जर्मनीच्या व्हिसासाठी मी बेंगळूरला गेले, म्हणजे रात्रीची ट्रेन पकडून सकाळी उतरायचं, बोटांचे ठसे द्यायचे आणि परत रात्रीची ट्रेन. फी ९० युरो, ३० हजार युरोचा इन्शुरन्स, टॅक्सचे रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, दुकान असेल तर जीएसटीचं सर्टिफिकेट. आपल्या भागातल्यांना एक जादाची भानगड असते. पासपोर्टवर माझं जन्मस्थळ जुन्या इंग्रजी स्पेलिंगने बेलगाम आहे, जीएसटीवर बेळगावी आहे, बँकेच्या पासबुकावर तिसरंच काहीतरी. मी कव्हर लेटरमध्ये सरळ एक ओळ टाकली की १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं इंग्रजी नाव बदललंय, तिन्ही गावं एकच आहेत. काउंटरवरच्या माणसाने तीच ओळ बोटाने वाचली आणि पुढचं पान उलटलं. निपाणी-खानापूरच्या लोकांना हा प्रश्न कमी येईल, पण बेळगावच्या माणसाने ही ओळ लिहावीच. दोन आठवड्यांत पासपोर्ट परत आला.

ट्रेनिंगबद्दल फार लिहीत नाही, पण बर्लिन सप्टेंबरात असल्यामुळे आपल्याकडचा पूर्ण पावसाळा पळण्यात जातो हे लक्षात ठेवून रेस निवडा. जून-जुलैत पिरनवाडीवरून जांबोटी रोडला लाँग रन करताना बुटात पाणी, ट्रकचे शिंतोडे, आणि घरी आल्यावर बुटात पेपर कोंबून गॅसच्या शेगडीजवळ ठेवायचे, दोन जोड असल्याशिवाय निभत नाही. येळ्ळूरकडून राजहंसगडाचा चढ आठवड्यातून एकदा केला, बर्लिनचा रस्ता सपाट असूनही त्याचा फायदा झाला. गणपतीत दहा दिवस ट्रेनिंग कोलमडलं. आणि रेसचा दिवस नेमका सर्वपित्री अमावास्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, अमावास्येला निघालीस काय पळायला? पान वाढायला घरात कोण हाय?" मी म्हटलं, आत्या, तारीख त्यांनी ठरवलीय. मग त्यांनीच धाकट्या जावेला बोलावून घेतलं आणि मला म्हणाल्या, "जा, पितृपक्षात साडी घ्यायला तसं पण कोण येत नाही." ते मात्र खरं होतं, दुसऱ्याच दिवशी घटस्थापना होती, आठवडाभर पुढे असती तर दुकान सोडून मी हललेच नसते.

बर्लिनमध्ये एक्स्पो, म्हणजे जिथं बिब घ्यायला जायचं ते, टेम्पेलहोफच्या जुन्या एअरपोर्टवर असतो, विमानांच्या त्या मोठमोठ्या हँगरमध्ये. तिथं रांगेत माझ्या पोटात गोळा आला होता, नाव दुरुस्त झालेलं असूनही. काउंटरवर साधारण माझ्याच वयाची बाई होती, चष्मा नाकावर ओढलेला. तिने पासपोर्ट उघडला, माझा कागद शेजारी ठेवला, आणि पेनच्या टोकाने एकेक अक्षर मिळवत गेली, गिव्हन नेम, मग मिस्टरांचं नाव, मग आडनाव. आडनावावर पेन थांबलं. मी श्वास धरून उभी. मग तिने मान वर करून आमचं आडनाव तिच्या परीने उच्चारून बघितलं आणि बरोबर काय म्हणून डोळ्यांनीच विचारलं. मी हो म्हटलं. तिने मनगटावर कापडी पट्टा बांधला. तो पट्टा मी अजून कापलेला नाही, नुसता सैल करून काढून देवघराच्या खालच्या खणात ठेवलाय.

रेस स्वतः अप्रतिम. रस्ता सपाट आहे हे खरं, उगीच नाही केनियाच्या किपचोगेने २०२२ ला इथंच २ तास १ मिनिट ९ सेकंदांचा जगाचा रेकॉर्ड केला होता. पण त्या दिवशी गरम होतं, दुपारी २५ डिग्रीच्या आसपास, पुरुषांत जिंकलेला सावे २:०२:१६ ने आला. आपल्या पावसाळ्यातल्या थंड सकाळींची सवय झालेल्या मला २८ किलोमीटरनंतर फार जड गेलं. पाण्याच्या टेबलांजवळ प्लॅस्टिकच्या कपांचा खच पडलेला असतो, त्यावरून पाय घसरतो, तिथं सरळ चाला, मिनिटभर गेलं तरी चालेल. शेवटी ब्रांडेनबुर्ग गेट दिसलं की संपलं असं वाटतं पण फिनिश त्याच्या पुढे आहे, तीनचारशे मीटर. मला ५ तास ९ मिनिटं लागली. गेटखालून जाताना मी मोठ्याने "जय शिवाजी" म्हटलं आणि मागून कुणीतरी "जय भवानी" म्हणालं. वळून बघेपर्यंत तो माणूस पुढे निघून गेला, पाठीवर कोल्हापूर लिहिलेलं होतं.

एजन्सीचा माणूस फिनिशच्या बाहेर ठरलेल्या ठिकाणी खरंच उभा होता, पाणी आणि केळी घेऊन, आणि आमच्यातला शेवटचा माणूस येईपर्यंत हलला नाही, हे लिहिलंच पाहिजे. आदल्या दिवशीच्या छोट्या रनलाही तो हजर होता, स्टार्टला कुठल्या बाजूने शिरायचं, बॅग कुठं द्यायची ते चालत जाऊन दाखवलं. पहिल्यांदा परदेशात जाणाऱ्याला, त्यात एकटी बाई असली तर, याची किंमत फार आहे.

हॉटेलबद्दल नाराजी आहे. कोटेशनवर "स्टार्टपासून चालत जाण्याच्या अंतरावर" असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात यू-बानने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, पंचवीस मिनिटं, आणि रेस झाल्यावर जिने उतरून मेट्रोत उभं राहून जाणं म्हणजे काय ते पळणाऱ्यालाच कळेल. हॉटेल बदलल्याचं आम्हाला निघायच्या आठ दिवस आधी कळवलं, फरकाचे पैसे परत देण्याबद्दल एक शब्द नाही. खोली स्वच्छ होती, नाश्ता भरपूर होता, पण ठरलेलं ते ठरलेलं. कोटेशनमध्ये हॉटेलचं नाव लिहून घ्या, आणि बदललं तर काय, तेही लिहून घ्या. आणि पैसे भरायच्या आधी ती एजन्सी मॅरेथॉनच्या स्वतःच्या साइटवरच्या पार्टनरच्या यादीत आहे की नाही ते बघा, नसेल तर कितीही गोड बोलू देत, एक रुपया पाठवू नका.

डेपोतली एक मैत्रीण परवा म्हणाली, "मग मी पण पॅकेजच घेतो की, कशाला लॉटरीची वाट बघायची." मी तिला आधी फॉर्म भरायला लावला, कारण लॉटरीत लागलं तर फी आणि साधं हॉटेल मिळून यातले निम्मे पैसे वाचतात. नाही लागलं तर डिसेंबरात फोन करायला वेळ आहेच. फक्त त्या मुलीचं नाव विचारून घे, म्हटलं, आणि तिच्याशीच बोल.

हॉटेलच्या फरकाबद्दल मी १० ऑक्टोबरला मेल पाठवलाय, एकदा आठवणही केलीये. काय उत्तर येतं ते आलं की इथंच लिहीन.