बाग एकदम छाटावी की टप्प्याटप्प्यानं?

इंदूरला आमच्या कॉलनीच्या सामायिक बागेत दर डिसेंबरला हाच वाद. यंदा शेजारच्या काकूंनी विचारलं, "माळ्याला एकदाच बोलावून सगळं उरकायचं, की थोडं थोडं?"

खर्चात एकदम छाटणी सरळ जिंकते. एका दिवसाची मजुरी, एकच ढीग. टप्प्यांत कात्री तीनदा काढावी लागते, आणि तिसऱ्या खेपेला मदतीला कुणी फिरकत नाही, हे अनुभवानं सांगते.

फुला-पानांचं झाडागणिक वेगळं. मोगरा जानेवारीत बेधडक छाटा, नव्या फुटव्यावरच कळ्या धरतात. कढीपत्ता थंडीत सुस्तावतो, त्याला फेब्रुवारीअखेर हात लावा.

पाखरांच्या बाबतीत मात्र तुलनाच नाही. सगळी जास्वंद एकदम बोडकी केली, तर शिंजीर मधासाठी जाणार कुठे? शिंपी पक्षी पानं शिवून घरटं करतो, बाहेरून ते नुसतं पानच वाटतं. गेल्या वर्षी कापलेल्या फांदीत कापसाचं अस्तर दिसलं, तेव्हा मला कळलं. रिकामं होतं, नशीब!

रस्त्यालगतचं मेंदीचं कुंपण किंवा नुसता मोगरा असेल, तर एका दिवसात उरका. जास्वंद, कढीपत्ता, लिंबू असलेल्या आमच्यासारख्या बागेत यंदा अर्धंच छाटायचं. काकूंना तसंच सांगितलंय.