मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्या हातात देऊ नका

खानापूर, बेळगाव, निपाणी, पलीकडे चंदगड-गडहिंग्लज या पट्ट्यात असं गाव क्वचितच सापडेल जिथं कुणी फौजी नाही. त्या सगळ्यांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरातल्या बायकांसाठी हे लिहितोय. माझे ४२ हजार रुपये गेले. ते एक वेळ सोसता येतील. पण माझं मूळ डिस्चार्ज बुक, म्हणजे रिटायर होताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, खराब झालं, ते अजून सोसवत नाही.

मी १९८४ ला मराठा लाईट इन्फंट्रीत भरती झालो आणि २४ वर्षं नोकरी करून २००८ ला हवालदार म्हणून घरी आलो. माझ्या कागदात दोन चुका राहिल्या होत्या. एक बायकोच्या नावाची. आमच्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं मुलीचं नवं नाव लिहितात. लग्नाची नोंद पलटणीत झाली तेव्हा जो दाखला दिला, त्यावर तिचं माहेरचं नाव होतं. पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, तेच उतरलं. आधारवर, रेशन कार्डावर, बँकेत मात्र सासरचं नाव. शिवाय सीमाभागातला आपला कायमचा घोळ आहेच. शाळेचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडमध्ये, फौजेचे कागद इंग्रजीत. आडनाव तीन लिप्यांमधून फिरून आलं की एखादं अक्षर वाढतं, एखादं गळतं. गावातल्या एका शिपायाच्या विधवेला नेमक्या याच कारणानं फॅमिली पेन्शनसाठी वर्षाच्या वर फेऱ्या माराव्या लागल्या. त्या वहिनींना बसस्टॉपवर फाईल घेऊन उभं राहिलेलं बघायचो आणि घरी येऊन आपला पीपीओ काढून बसायचो.

दुसरी चूक मेडलची. १९८८ साली मला आमच्या पलटणीतून दुसऱ्या युनिटला अटॅच करून श्रीलंकेत पाठवलं होतं. शांतिसेनेत सात महिने जाफना भागात काढले. परत पलटणीत आलो, पुढं काश्मीर, पुढं आणखी कुठं कुठं. श्रीलंकेच्या मेडलची नोंद माझ्या नावावर कधी चढलीच नाही. अटॅचमेंटवर गेलेल्या माणसाचं असं व्हायचं. ज्या युनिटबरोबर तो असतो त्याला वाटतं मूळ पलटण लिहील, मूळ पलटणीला वाटतं ते लिहितील. नोकरीत असताना मी पाठपुरावा केला नाही. नातू मोठा झाला, भिंतीवरच्या मेडल्स मोजायला लागला आणि ‘आजोबा, श्रीलंकेचं कुठलं?’ म्हणून विचारायला लागला, तेव्हा ते आत खुपायला लागलं. तिथं माझ्या शेजारी चालणारा एक जवान सुरुंगावर गेला होता. ते मेडल मला शोभेसाठी नको होतं.

मागच्या वर्षी कॅम्पात कॅन्टीनच्या रांगेत एक माणूस भेटला. पन्नाशीचा, निळा ब्लेझर, केस बारीक कापलेले. ‘राम राम साहेब’ म्हणून जवळ आला. मी रिटायर्ड क्लार्क आहे म्हणाला. बोलण्यात पार्ट टू ऑर्डर, शीट रोल, कॉरिजेंडम असे शब्द इतक्या सहज येत होते की शंका घ्यायला जागाच नव्हती. फौजेतला माणूस फौजेच्या भाषेवर विश्वास ठेवतो. आपण वर्दी काढून ठेवतो, ती सवय काढून ठेवत नाही. त्यानं माझी दोन्ही कामं ऐकून घेतली आणि म्हणाला, ‘साहेब, ही कामं सरळ होत नाहीत. आत आपली माणसं आहेत. दोन महिन्यांत देतो. मेडलचं एरियर्सपण मिळेल तुम्हाला.’

त्या एरियर्स शब्दावरच मी थांबायला हवं होतं. परमवीर चक्रापासून सेना मेडल गॅलंट्रीपर्यंतच्या शौर्यपदकांना मासिक भत्ता असतो. मोहिमेच्या किंवा सेवेच्या मेडलला एक रुपयाही मिळत नाही, मग थकबाकी कसली? मेडल मानाचं असतं, पैशाचं नसतं. हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी वाटलं, नवा काही नियम आला असेल.

आधी ३ हजार घेतले, फाईल उघडायचे म्हणून. मग ‘वरच्या टेबलाला’ १५ हजार. मग प्रयागराजला पेन्शन ऑफिसात माणूस पाठवायचा म्हणून २४ हजार. थोडे रोख, बाकीचे फोनवरून, आणि दर वेळी नंबर वेगळा, नाव वेगळं. विचारलं तर म्हणायचा, माझ्या नावावर घेतले तर चौकशी लागते. पैशाच्या आधी त्यानं आणखी तीन गोष्टी मागून घेतल्या होत्या. मूळ डिस्चार्ज बुक, मूळ पीपीओ आणि स्पर्शचा, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या वेबसाईटचा, यूजर आयडी-पासवर्ड. मी दिल्या. बायको चुलीपाशी होती, तिथनंच म्हणाली, ‘सगळं पुस्तकच दिलासा व्हय त्याला?’ मी तिला गप्प केलं. ते शब्द रोज आठवतात.

तीन महिन्यांनी त्यानं मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात बोलावलं. चहा मागवला, पिशवीतनं कापडात गुंडाळलेलं मेडल काढलं, रिबिनीसकट. डिस्चार्ज बुक उघडून दाखवलं. मेडलच्या पानावर शाईनं नवीन नोंद, पार्ट टू ऑर्डरचा, म्हणजे नोंद चढवायच्या हुकमाचा नंबर, तारीख, सही, गोल शिक्का. माझे डोळे भरून आले. मी त्याचा हात हातात घेतला. बायकोच्या नावाचं पत्र आठ दिवसांत पोस्टानं येईल म्हणाला आणि चहाचे पैसेही त्यानंच दिले.

घरी आलो. मुलीनं मेडल पेटीत ठेवायला घेतलं आणि बाकीच्या मेडल्सशेजारी धरून बघत बसली. म्हणाली, ‘बाबा, याच्या कडेवर तुमचं नाव नाही.’ माझ्या प्रत्येक मेडलच्या कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं आहे. बारीक अक्षर, पण बोटाला लागतं. हे कडेनं गुळगुळीत होतं. ड्रेसवर लावायला मेडल्सची नक्कल दुकानात विकत मिळते, तसलं ते होतं. त्याला फोन लावला, उचलला. दुसऱ्या दिवशी लावला, बंद.

मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. माझ्या गावापासून बसनं तासाभराच्या अंतरावर. मी तिथं स्वतः का गेलो नव्हतो? काही वर्षांपूर्वी एक अर्ज पोस्टानं टाकला होता, त्याचं इंग्रजी उत्तर आलं. ते मी कुणाकडून नीट वाचून घेतलं नाही. नकार आहे असं समजून ठेवून दिलं. मुलीनं आता वाचलं तर त्यात नकार नव्हताच, कागद मागितले होते.

पुस्तक आणि ते मेडल घेऊन मुलीबरोबर गेलो. तिथल्या सुभेदार साहेबांनी ऑर्डरचा नंबर बघितला, रजिस्टर मागवलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हवालदार साहेब, या नंबरची ऑर्डरच नाही. शिक्कापण आमचा नाही.’ आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझ्या पायातलं बळ गेलं. खोटी नोंद असलेलं पुस्तक घेऊन मीच समोर उभा होतो. ही नोंद मी केली नाही, हे मला लेखी द्यावं लागेल आणि आजच पोलिसांत जावं लागेल. चोवीस वर्षांत शिक्षेची एक लाल शाईची नोंद नव्हती माझ्या नावावर.

त्यांनीच खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. ते इथं लिहितो, कारण हे माहीत असतं तर मी फसलो नसतो. डिस्चार्ज बुकात कुणी काहीही लिहिलं तरी तुमचं रेकॉर्ड बदलत नाही. खरं रेकॉर्ड म्हणजे शीट रोल, तो रेकॉर्ड ऑफिसात असतो. तिथं नोंद आधी होते, पुस्तकात नंतर उतरते. बायकोचं नाव, जन्मतारीख असल्या दुरुस्तीला रेकॉर्ड ऑफिस कागद तपासतं आणि प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन या पेन्शन ऑफिसकडं पाठवतं. तिथून कॉरिजेंडम पीपीओ, म्हणजे दुरुस्तीचा पीपीओ निघतो. यात कुठंही ‘टेबल’ नाही, फी नाही. माझ्याकडून अर्ज, नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट, दोघांचं आधार, ग्रामपंचायतीचा दाखला आणि पीपीओची प्रत घेतली. स्टॅम्प पेपर, नोटरी, झेरॉक्स, बसभाडं धरून हजाराच्या आत काम झालं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि नंबर घ्या. इंग्रजी जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज लिहायला मदत मिळते.

मेडलचं काम लांबचं आहे. मी त्या सात महिन्यांत कुठल्या युनिटबरोबर होतो याचा पुरावा लागतो. मुलीनं माहिती अधिकारात माझ्या स्वतःच्या शीट रोलची प्रत मागितली. अर्जाला १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि ३० दिवसांत उत्तर द्यायचा कायदा आहे. प्रत आली. त्यात माझ्या अटॅचमेंटची एक ओळ सापडली, जायची तारीख आणि यायची तारीख. ३५ वर्षं ती ओळ तिथंच होती. ती जोडून अर्ज दिलाय.

स्पर्शचा पासवर्ड जावयानं त्याच रात्री बदलला. आत बघितलं तर मोबाईल नंबर बदलायचा प्रयत्न झालेला दिसला. नंबर बदलला असता तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडं गेले असते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला करायला कुणी घरी येतो म्हणाला तरी पासवर्ड सांगू नका. दाखल्याला पासवर्ड लागत नाही.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला, पण शेवटचे पैसे जाऊन महिना उलटला होता, खात्यात काही उरलं नव्हतं. पैसे गेल्याबरोबर केला तर ते रोखता येण्याची शक्यता असते. पोलीस ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये लिहून घेतली. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मी सही करायच्या आधी ती मोठ्यानं वाचून मागितली आणि पोलिसांनीही वाचून दाखवली. दोन ठिकाणी रक्कम चुकली होती, ती दुरुस्त झाली. तुम्हीही वाचून घ्या, त्यात लाज वाटून घेऊ नका.

तक्रार दिल्यावर कळलं की आमच्या आसपासच्या गावांत आणखी तिघं आहेत. दोघांनी घरी सांगितलेलं नव्हतं. एकजण म्हणाला, ‘फौजी माणूस फसला म्हणून लोक हसतील.’ मी त्याला माझ्याबरोबर घेऊन गेलो आणि त्याचीही तक्रार नोंदवली. त्याचं मूळ पुस्तक तर अजून त्या फसवणाऱ्याकडंच आहे.

बायकोच्या नावाचा कॉरिजेंडम पीपीओ सहा महिन्यांनी आला. तिनं तो देवाजवळ ठेवला, मग मी उचलून लोखंडी पेटीत ठेवला. मेडलच्या अर्जाचं उत्तर अजून यायचंय. डिस्चार्ज बुक पोलिसांनी पंचनामा करून मुद्देमाल म्हणून ठेवून घेतलंय. केस संपेपर्यंत ते मिळणार नाही असं सांगितलंय. माझ्याकडं त्याची रंगीत झेरॉक्स आहे, पुस्तक देण्याआधी मुलीनं हट्टानं काढून ठेवलेली, खोटी नोंद नसलेली.