एफआर एसीपी शीट: चिपळूण-रत्नागिरीच्या इमारतींना लावावी का?

लावावी, पण नुसत्या ‘एफआर’ (फायर रिटार्डंट, म्हणजे आगीला सहज न पेटणारी) या नावावर विसंबून नको. ४ मिमीची एसीपी (इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर लावायची अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलची शीट) बाहेरून सगळी सारखीच दिसते. फरक असतो दोन अॅल्युमिनियम पत्र्यांमधल्या गाभ्यात. साध्या शीटमध्ये पॉलिथिलीन असतं. ते १३० अंशांच्या आसपास वितळतं, मग पेटतं आणि जळते थेंब खालच्या मजल्यांवर टाकतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ साली आग लागून ७२ माणसं गेली, तिथे भिंतीवर हाच गाभा होता. एफआर शीटच्या गाभ्यात साधारण ७० टक्के खनिज भरलेलं असतं, ए२ मध्ये, म्हणजे जवळपास न जळणाऱ्या दर्जाच्या शीटमध्ये, ९०च्या आसपास. दवाखाना, लॉज किंवा उंच इमारत असेल तर सरळ ए२ घ्या.

खरा घोळ बसवताना होतो. भिंत आणि शीट यांच्यामधली पोकळी धुराड्यासारखी ज्वाला वर ओढते, म्हणून प्रत्येक स्लॅबच्या पातळीला रॉकवूलचा (न जळणाऱ्या दगडी लोकरीचा) अडसर हवाच. कोटेशन कमी करताना पहिल्यांदा तोच गळतो! कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, गाभा तिथूनच आग धरतो. खाऱ्या वाऱ्यात साधे स्क्रू गंजतात. ३१६ दर्जाचे स्टेनलेस वापरा.

माल उतरवताना एक तुकडा कापून गाभा बघा आणि चाचणी अहवाल त्याच शीटचा आहे ना, हे ताडून घ्या.

२००६च्या महाराष्ट्र अग्निसुरक्षा कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘बी’ फॉर्मचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. त्या वेळी पंप आणि होजबरोबर बाहेरची भिंतही तपासायला लावा.