दीडशेचा चार्जर की नोंदणी क्रमांकाचा अडॅप्टर?

एम. जी. रोडवर चार्जर घेताना नाशिककरांना हा पेच पडतोच.

अडॅप्टर २३० व्होल्ट एसीचे ५ किंवा ९ व्होल्ट डीसी करतो. खरा फरक आत असतो. चांगल्यात मेन्सची (२३० व्होल्टची) आणि यूएसबीची बाजू यांत पाच-सहा मिलिमीटर अंतर राखतात. स्वस्तात ते अनेकदा मिलिमीटरभरच असतं. दमट हवेत तिथलं इन्सुलेशन फुटलं, तर २३० व्होल्ट थेट हातातल्या फोनवर! पैसे वाचवायची ही जागाच नव्हे.

टिकाऊपणा? स्वस्तातला, व्होल्टेज स्थिर ठेवणारा कपॅसिटर उष्णतेने फुगतो, मग चार्जिंग चालू असताना टचस्क्रीन भलतीकडेच चालते.

अडॅप्टरवरचा ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासा.

घाई नसेल तर नोंदणीचा साधा १० वॉटचा पुरे. फास्ट चार्जिंग किंवा लॅपटॉपसाठी पीडीचाच (यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जास्त वॉट देणारा) घ्या. बिननोंदणीचा कुणालाच नको.