फुकटच्या फॉन्टपायी

सांगलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पावती पुस्तकं, येईल ते काम. २०१८ च्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, एका गिऱ्हाइकाला पत्रिकेसाठी 'जरा वळणदार' अक्षर हवं होतं. विकतचा फॉन्ट घ्यायचं जिवावर आलं, म्हणून फुकट मराठी फॉन्ट देणाऱ्या एका साइटवर गेलो. डाउनलोडची चार बटणं, त्यातली तीन खोटी. पण फॉन्ट मिळाला. मग सवयच लागली, रोज एक चक्कर तिथे.

त्याच दिवसांत पीसी घरघरायला लागला. कोरलड्रॉमध्ये साधी वेलबुट्टी सरकवायची तर माउस पुढे आणि वेलबुट्टी मागून रांगत. पंखा एवढा ओरडायचा की एका आजोबांनी विचारलं, "मागे गिरणी टाकलीय काय?" रिपेअरवाल्याने धूळ काढली, सहाशे रुपये. पुढच्या आठवड्यात पंखाच बदलला, आणखी अकराशे. त्याला तरी काय बोल लावू? त्याच्या टेबलावर मशीन नव्याने सुरू केली की गरीब गायीसारखी गप्प.

इंजिनिअरिंगला असलेला भाचा सुट्टीला आला तेव्हा उलगडा झाला. "मामा, ब्राउझर बंद केलाय ना? मग हे काय?" टास्क मॅनेजरच्या, म्हणजे चालू प्रोग्रामांच्या, यादीत ब्राउझर जिवंत होता आणि प्रोसेसरचा ऐंशी टक्के भाग एकटा खात होता. त्याने टास्कबार ओढून उंच केला, तशी खालच्या कोपऱ्यात, बरोबर घड्याळाच्या मागे दडलेली एक चिमुकली खिडकी वर आली. साइटवर कुठेही क्लिक केलं की ती गुपचूप उघडायची आणि मोठी खिडकी बंद केली तरी मागे राहायची. त्या खिडकीत माझ्या विजेवर मोनेरो नावाचं आभासी चलन खणलं जात होतं, म्हणजे प्रोसेसरला सतत आकडेमोड करायला लावून नवी नाणी मिळवली जात होती, दुसऱ्याच्या खात्यात. बिटकॉइनला खास यंत्रं लागतात. मोनेरो साध्या प्रोसेसरवरही निघतं, म्हणून हे चोर त्याच्यामागे.

असा खणणारा कोड पुरवणाऱ्यांतलं गाजलेलं नाव कॉइनहाइव्ह. सप्टेंबर २०१७ मध्ये आलं. साइटवाल्याने पानात थोडा कोड टाकायचा, कमाईतले सत्तर टक्के त्याचे, तीस कंपनीचे. पाहुण्याला विचारण्याची सक्ती सुरुवातीला नव्हतीच. आणि साइटवाला सज्जन असला तरी सुटका नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्राउजअलाउड या, पानं वाचून दाखवणाऱ्या सोयीच्या कोडमध्येच कुणीतरी हा खाणकोड घुसवला आणि चार हजारांवर साइट एका फटक्यात बाधल्या. त्यात ब्रिटनच्या माहिती आयुक्तांचं कार्यालय होतं, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपणारं खातंच! मोनेरोचा भाव कोसळल्यावर मार्च २०१९ मध्ये कॉइनहाइव्हने गाशा गुंडाळला. युक्ती मात्र शिल्लक आहे.

खाणकाम निदान पंख्याच्या आवाजाने तरी कळतं. भाच्याने त्याच पानावरचा दुसरा कोड दाखवला, तो बिनआवाजाचा. स्क्रीनचा आकार, टाइम झोन, मशीनवर कोणते फॉन्ट आहेत, हे गोळा करून तो ब्राउझरचा जणू अंगठा उठवून घेतो. मी म्हटलं, कुकीज, म्हणजे साइटने ओळखीसाठी ठेवलेल्या चिठ्ठ्या, पुसतो. तो हसला. कुकी माझ्या मशीनवर असते म्हणून पुसता येते, हा अंगठा त्यांच्या वहीत उठलेला. ईएफएफ या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्क्यांचा ठसा दुसऱ्या कुणाशीच जुळला नव्हता, आणि ओळख पटवण्यात फॉन्टची यादी फार वरच्या नंबरावर होती. माझ्या मशीनवर तीनशेच्या वर मराठी फॉन्ट. गर्दीत फेटा बांधून लपायला गेल्यासारखंच झालं.

तर दुकानदारांनो, ब्राउझर बंद करूनही पंखा पळत असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडा. फायरफॉक्स सप्टेंबर २०१९ पासून माहितीतले खाणकोड आपणहून अडवतो, ठसे घेणारे कोड जानेवारी २०२० पासून. मी शिवाय जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलंय. फॉन्टचं काम संपलं की ब्राउझर यादीतूनही गेला का, तेही बघतो.

आणि तो वळणदार फॉन्ट? नवरदेव कऱ्हाडचा. अर्धा र त्या फॉन्टमध्ये नव्हताच. तीनशे पत्रिकांवर 'क हाड' छापून आलं, त्या पदरच्या कागदावर पुन्हा काढून दिल्या.