चितार आळीत करून घेतलेलं क्रीटचं पाणमांजर

सावंतवाडीच्या चितार आळीतून लाकडी आंबे, फणस, भातुकली सगळेच नेतात, मी तिथनं एक पाणमांजर करून घेतलं आणि तेही आपल्या खाडीतलं नव्हे, ग्रीसच्या क्रीट बेटावरचं, जे हिमयुगात होतं आणि आता जगात कुठेच नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हवं होतं. सातवीच्या पोरांनी बेटांवरचे प्राणी हा विषय घेतलेला, चित्रं चिकटवून झाली, पण हातात धरायला काहीतरी पाहिजे म्हणून हट्ट, मग म्हटलं एवढी जवळ सावंतवाडी आहे तर विचारून बघूया. दोन दुकानांत सरळ नाही म्हणाले, असलं एकेकटं काम परवडत नाही म्हणे. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि पहिलाच प्रश्न, "बाईनू, पाण्यातला जनावर मा ता? मगे असा उभा कित्याक?"

तिथेच मी जिंकले असं वाटलं, कारण मुद्दा नेमका तोच होता. या प्राण्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा क्रीटच्या उत्तर किनाऱ्याजवळ लिको नावाच्या गुहेत मिळाला, सिमेओनिडिस आणि सोंडार या दोन संशोधकांनी 1975 साली त्याला नाव दिलं आयसोलालुट्रा क्रेटेन्सिस, आणि हाडांची ठेवण बघून अभ्यासक म्हणतात की आताच्या पाणमांजरांपेक्षा ते जमिनीवर जास्त वावरत असणार. बेटावर लांडगा नाही, कोल्हा नाही, मांसाहारी सस्तन प्राणी म्हणजे हे एकटंच. हरणं होती पण त्यातली सगळ्यात छोटी जात खांद्यापाशी जेमतेम शेळीएवढी, आणि घुबड होतं तेसुद्धा लांब पायांचं, जमिनीवर फिरणारं. काकांना हे सगळं मालवणीत सांगितलं तर ते आरीपटाशी बाजूला ठेवून ऐकत बसले, गिऱ्हाईक उभं होतं तरी.

पण पोरांना खरी गंमत वाटली ती पुढची. 1980 मध्ये विलेमसन यांनी हाडं परत तपासून या प्राण्याला लुट्रोगेल या कुळात टाकलं आणि त्या कुळातलं आज जिवंत असलेलं एकच पाणमांजर आहे, ते म्हणजे आपलं! सिंधुदुर्गात नद्या-खाड्यांत दिसतं तेच, मऊ तुकतुकीत अंगाचं, चपट्या शेपटीचं, सात ते अकरा किलोचं. माझी आजी त्याला हूद म्हणायची. त्याची एक तुटक वस्ती अजून इराकच्या दलदलीत आहे आणि या कुळाचे जीवाश्म तिकडे जावा बेटावरही सापडलेत, म्हणजे एकेकाळी हे खानदान जावापासून क्रीटपर्यंत पसरलेलं. हे मी सांगितल्यावर काका लगेच म्हणाले, मगे शेपूट आमच्याच खाडीतल्यासारखी करतंय, बगलेली आसा मी. त्यांनी लहानपणी मासे मारायला जाताना कितीतरी वेळा बघितलंय म्हणे, जाळ्यातला मासा पळवणारं. मी दिलेल्या चित्रापेक्षा त्यांच्या डोळ्यांतलं पाणमांजर जास्त खरं निघालं हे मला कबूल करायलाच पाहिजे.

आता कामाबद्दल. लाकूड पांगाऱ्याचं, हलकं, दीड फुटाच्या वर लांबी म्हणजे आपल्या पाणमांजराच्या साधारण निम्मं, पोरं एका हाताने उचलतात. पहिल्या वेळी पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं केलेलं, मी गेले तेव्हा रंग लावायचा बाकी होता म्हणून बरं, नाहीतर वाया गेलं असतं. काहीही कुरकुर न करता चारही पाय नव्याने करून खुंट्यांनी बसवले, त्याचे जादा पैसे घेतले नाहीत. मान आणि खांद्याचा उतार तर इतका सुंदर आलाय की हात फिरवत बसावंसं वाटतं. रंग कुठला द्यायचा यावर अर्धा तास गेला, हाडांवरून केसांचा रंग काही कळत नाही, तेव्हा खाडीतल्यासारखा तपकिरी वर आणि गळ्याखाली फिकट ठरलं. लाखेची चकाकी मला आधी नको वाटत होती पण ओल्या अंगाचं पाणमांजर असंच चमकतं, काकांचं बरोबर होतं.

तक्रार दोनच. एक म्हणजे वेळ, तीन आठवडे सांगून पाच लागले कारण मध्ये गणपती आले, त्या दिवसांत आळीत कोणाला श्वास घ्यायला वेळ नसतो, तेव्हा ऑर्डर आषाढातच द्या. दुसरी पॅकिंगची. नुसता पेपर गुंडाळून पिशवीत दिलं, एसटीत कुडाळपर्यंत येताना मिशीची तार एका बाजूने निघाली, मी घरी फेविकॉलने बसवली पण अशा नाजूक कामाला खोका पाहिजेच. अठराशे रुपये घेतले, मला जास्त वाटले नाहीत. सगळं हाताने कोरलेलं आहे हे खालच्या बाजूला पटाशीच्या खुणा बघूनच कळतं.

प्रदर्शनात पोरांनी ते मधोमध ठेवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती की हे कुठे दिसतं, लोक म्हणायचे आमच्या खाडीत, मग पोरं म्हणायची नाही, हा त्याचा क्रीटचा भाऊबंद, हा गेला. एक आजोबा बराच वेळ उभे राहिले. आमच्या बांधाकडचेपण आता दिसणत नाय, एवढंच म्हणाले. आपल्या पाणमांजराला 2019 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सगळ्यात कडक यादीत घातलंय हे पोरांनी तक्त्यावर लिहिलेलं, ते आजोबांनी मोठ्याने वाचून घेतलं.

काकांकडे परवा परत जाऊन आले. आता खाडीतलं करायला सांगितलंय, त्याच मापाचं, पोट टेकलेलं, तोंडात मासा. दोन्ही शेजारी ठेवायची आहेत. दिवाळीनंतर मिळेल म्हणाले, आणि यावेळी खोका मीच घेऊन जाणार आहे.