मुलतानी, कोरफड की कागदी मास्क? किनाऱ्यावरच्या हवेत कोणाला काय मानवतं

गणपतीला महिना उरला की आमच्याकडे भिंतींना रंग लागतो आणि तोंडांना लेप. यंदा मालवणहून मामेबहिणीचा फोन आला, "ताई, मुलतानी घेऊ, जेल घेऊ की ते कागदाचे मास्क?" मी विचारलं, "तुझी त्वचा कुठली?" म्हणाली, "तेलकट. दुपारी नुसती चिकचिक."

कोकणात चिकचिक सगळ्यांनाच होते. ती घामाची की तेलाची, हे आधी ठरवायला हवं. साध्या फेसवॉशने तोंड धुवायचं, काहीही न लावता तासभर थांबायचं आणि पातळ टिश्यू कपाळ, नाक, गाल अशा तिन्ही जागी वेगवेगळा दाबायचा. मग ते कागद पंख्याखाली ठेवायचे. घामाचा ओलावा उडून जातो. तेलाचा डाग मात्र भजीखालच्या कागदासारखा आरपार दिसत राहतो. बहिणीच्या नाकाचा कागद तसा झाला, गालाचा कोरडा राहिला. म्हणजे तिची त्वचा मिश्र, आणि चारचौघींची असते तशीच.

तेलकट भागाला माती चांगली. मुलतानी तेल शोषते, स्वस्त पडते, वाण्याकडे मिळते. केओलिन (पांढरी चिनी माती) तिच्यापेक्षा सौम्य, म्हणून तेलकट पण लगेच लाल होणाऱ्या चेहऱ्याला मी तेच सुचवेन. पण आपल्याकडे एक घोटाळा होतो. पाकिटावर "सुकेपर्यंत ठेवा" असं लिहिलेलं असतं आणि जुलैच्या हवेत जाड थर अर्धा तास झाला तरी सुकत नाही. मेमध्ये पंख्याखाली बसलं तर तोच थर भराभर सुकून ओठांच्या कडेला भेगा पडतात. तेव्हा सुकण्याची वाट बघू नका, घड्याळ बघा. पातळ थर लावा आणि आठ-दहा मिनिटांनी, बोटाला अजून ओला लागतोय तोवर धुवा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. चारकोलच्या काळ्या रंगाला भुलू नका. पाकिटामागची यादी वाचा, बहुतेकदा खरं काम त्यातली माती, म्हणजे केओलिन किंवा बेंटोनाइटच करत असते. सोलून काढायचे मास्क मी कोणालाच सांगत नाही. लव उपटली जाते, कातडी दुखावते, बस.

आणि मुलतानीत लिंबू पिळू नका. मी पिळलं होतं. आपलं कागदी लिंबू चांगलंच आंबट, आणि त्याचा रस त्वचेवर राहून वर ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात. लेप नीट न धुता मी भर दुपारी भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. हनुवटीवर जो तपकिरी ओघळ उमटला तो दीड महिना मुक्कामाला होता. आई भेटेल त्याला सांगायची, "गोरी व्हायला गेली होती!"

कोरड्या किंवा उन्हाने तापलेल्या गालांना जेल बरं. परसात कोरफड असेल तर पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा म्हणजे पिवळा चीक निथळून जातो. खाज सुटते ती बहुधा त्या चिकाने, आणि बोल लागतो बिचाऱ्या कोरफडीला. साल काढून आतला गर तेवढा धुऊन घ्या. विकतचं जेल घ्याल तर ग्लिसरीन असलेलं, बिनवासाचं बघा. खरोखर कोरड्या, पापुद्रे निघणाऱ्या त्वचेला बेसन आणि साय चालते, पण हळद चिमटीपेक्षा कमी, नाहीतर फोटोत पिवळे दिसाल.

कागदी मास्कचं काम समजून घ्या. सिरममध्ये भिजवलेला कागद चेहऱ्यावरचं पाणी उडू देत नाही, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी त्वचा टवटवीत दिसते. मुंबईत दिवसभर एसीत बसणाऱ्या माझ्या वहिनीला तो फरक कळतो. इथल्या दमट हवेत पाणी मुळातच सावकाश उडतं, त्यामुळे एकदा वापरून फेकायच्या पाकिटावर दर आठवड्याला पैसे घालणं मला पटत नाही. लग्नाच्या सकाळी एखादा लावा, हौस म्हणून.

दोन गोष्टींना मास्क हा उपाय नाही. पावसाळ्यात कपाळावर एकसारख्या बारीक, खाजऱ्या पुटकुळ्या आल्या तर ती बुरशी असू शकते. तिच्यावर साय-तेल चोपडलं तर ती आणखी फोफावू शकते, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि वांग लेपाने जात नाही. तिथे रोजचं सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर, आणि डॉक्टर. मैत्रिणीने दिलेली "गोरं करणारी" ट्यूब तर नकोच, त्यात स्टेरॉइड निघण्याची भीती असते.

बहिणीला शेवटी मी एकच पाकीट घ्यायला लावलं, केओलिनचं. ते नाक, कपाळ आणि हनुवटीला. गालांना परसातली कोरफड. दोन्ही एकाच वेळी लावायचं. आरशात बघून म्हणाली, "अर्धी दशावतारातली दिसतंय गो!" पण ती पुढची गोष्ट. त्याआधी माती आणि कोरफड दोन्ही थोडं कानामागे लावून दोन दिवस थांब म्हटलं होतं, कारण नवीन पाकीट हरतालिकेच्या आदल्या रात्री फोडून सकाळी सुजलेलं तोंड घेऊन पूजेला बसलेल्या दोघीजणी आमच्याच वाडीत आहेत.